बत्तीसपर्यंत मोजणारी

दुकानाला पाटी होती, पण पाटीवरचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे म्हणायचे, "बत्तीसकडे जा." बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाला लागून, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबावं एवढी जागा. काउंटर, टेबलावरचा दिवा, भिंग, आणि भिंगामागे ती. बंद पडलेल्या पॉवर बँका दुरुस्त करणं एवढंच तिचं काम, आणि त्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

नाव पडलं ते तिच्या खोडीवरून. बँक दुरुस्त झाली, फोन लावला, लाइट लागले, की गिऱ्हाईक हात पुढे करायचं. ही मात्र बँक सोडायची नाही. "थांबा," म्हणायची आणि मोठ्याने मोजायला लागायची. एक, दोन, तीन. पार बत्तीसपर्यंत. घाईतल्या माणसाचा जीव कासावीस व्हायचा. कुणी घड्याळ बघायचं, कुणी चिडवायचं, "मावशी, दोन-चार आकडे कमी करा की आमच्यासाठी." ती भुवईसुद्धा हलवायची नाही. बत्तीस झाले आणि लाइट तसेच राहिले, तरच बँक गिऱ्हाइकाच्या हातात.

हे मोजणं तिला नवऱ्याने शिकवलं होतं. मूळ कारागीर तो. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा बल्ब बदलायची भीती वाटायची. त्याने तिला शेजारी बसवून घेतलं, भिंग तिच्या डोळ्यासमोर धरलं आणि बोर्डावरची ती काळी, नखाएवढी चिप दाखवली. "हा आयसी. सगळा कारभार याच्या हातात. बँक भरायला लावली की चार लाइट लुकलुकवतो. दुसऱ्याला द्यायला लागली की लाइट स्थिर. शेवटचा एकटाच फडफडायला लागला, की समजायचं आता पोट रिकामं." मग हसून म्हणाला, "पण आहे म्हातारा. घरात कुणी काही मागेनासं झालं की याचा डोळा लागतो. अर्धा मिनिट वाट बघतो, बत्तीस सेकंद धर. तेवढ्यात कुणी करंट ओढला नाही, किंवा अगदी चिमूटभर ओढला, तर याला वाटतं कुणी नाहीच. लाइट विझवून हा झोपला. मग बटण दाबून उठवावं लागतं. म्हणून लावल्या लावल्या चालली यावर भुलायचं नाही. मोजायचं."

वीस वर्षं ती मोजत होती.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डावा हात तेवढा शाबूत राहिला, तोही अर्धामुर्धा. दुकानावरच्या खोलीत, चौदा पायऱ्या वर, तो खिडकीपाशी पडून असायचा आणि ही खाली. हाक मारता येत नाही अशा माणसाला वर एकटं ठेवायचं म्हणजे जिवाला घोर. तिने बाजारातून बिनतारी बेल आणली. बटण त्याच्या डाव्या हाताशी, खणखणाट दुकानात. महिन्याभरात बटणातला सेल संपला, आणि संपल्याचं कुणालाच कळलं नाही. तो दुपारभर ओल्या कपड्यात पडून होता. त्या दिवशी ती त्याच्या उशाशी बसून हमसून हमसून रडली, आणि डोळे पुसून खाली गेली ती थेट कामालाच बसली.

बेलच्या बटणाला तिने पॉवर बँक जोडली. बँक निदान सांगते तरी, चार लाइट दाखवते. पण ते बटण करंट ओढणार किती? मुंगीएवढा. म्हातारा आयसी अर्ध्या मिनिटात घोरायला लागणार. मग तिने बोर्डावर तिळाएवढा एक रेझिस्टन्स सोल्डर केला. त्याचं काम एकच, सारखं थोडं थोडं मागत राहायचं, म्हणजे आयसीला झोप लागायला नको. बँक रोज उतरायची, रोज भरावी लागायची, पण जागी राहायची. तो रेझिस्टन्स बघून नवरा तोंडाच्या चांगल्या बाजूने हसला. मास्तरांनी पास केल्यासारखं तिला वाटलं.

जागी बँक म्हणजे चारही लाइट अष्टौप्रहर चालू. ते त्याच्या डोळ्यांवर यायचे. त्याने खुणेने सांगितलं, आणि तिने त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावली. बेल तो फार क्वचित वाजवायचा. बायकोला चौदा पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून तहानसुद्धा तासभर धरून ठेवणारा माणूस होता.

त्या दिवशी सकाळी बँकेची चार्जिंगची पिन सैल झालेली तिला दिसली. खाली आणून तिने जुना बोर्ड काढला, नवा बसवला, डबी बंद केली, काळी पट्टी पुन्हा जागेवर लावली. वर जाऊन जोडली. "दाबा बघू," म्हणाली. त्याने दाबलं. खाली बेल खणखणली. तेवढ्यात पायरीवरून गिऱ्हाईक ओरडलं, "मावशी, आहात का? माझी बस निघेल हो." तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डाव्या हाताने खूण केली, जा, मी ठीक आहे.

ती गेली. मोजलं नाही.

वीस वर्षांत हजारो परक्या माणसांसाठी मोजलं, त्यांच्या शिव्या खाऊन मोजलं. आणि ज्याने मोजायला शिकवलं, त्याच्यापुढे उभं राहायला अर्धं मिनिट निघालं नाही. रेझिस्टन्स जुन्या बोर्डावरच राहिला होता, भंगाराच्या डब्यात.

बसवाल्या गिऱ्हाइकाची बँक तिने नेमाने बत्तीस मोजून दिली. दुपारभर बेल वाजली नाही. आज झोप लागलेली दिसते, असं मनाशी म्हणत ती कामात राहिली. बरंच वाटलं तिला. चारच्या सुमारास चहा घेऊन वर गेली.

तो उशीवरून घसरून कुशीवर झाला होता. अंग गार पडलं होतं. बेलचं बटण चादरीवर होतं, आणि त्याच्या डाव्या हातात बँक होती. काळी पट्टी निघालेली. लाइट विझलेले. अंगठा बँकेच्या बटणापासून बोटभर अंतरावर थांबला होता.

कपबशी कधी खाली ठेवली हे तिला आठवत नाही. तिने त्याच्या हातातली बँक घेतली आणि बटण दाबलं. चारही लाइट लागले. काठोकाठ भरलेली होती. ती बघत राहिली, आणि सवयीने ओठ हलायला लागले. बत्तीसला लाइट गेले.

डॉक्टर आले, म्हणाले दुसरा झटका मोठा होता, पाच मिनिटांत वर आला असतात तरी हाती काही लागलं नसतं. नणंद आली, तिला जवळ घेऊन म्हणाली, "झोपेतच गेला गं वहिनी. सुखानं गेला." ती मान हलवत राहिली. झोपला होता तो आयसी. नवरा जागा होता. त्याने बेल दाबली, वाजली नाही. पुन्हा दाबली असेल. मग त्या मुरलेल्या कारागिराने एका हाताने पट्टी काढून लाइट पाहिले, आणि काय चुकलंय, कुणाकडून चुकलंय, हे त्याला तिथेच कळलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून कळणार तरी कुणाला होतं?

तिच्या मनाला एकच लागून राहिलं होतं. ते कळल्यावर त्याला काय वाटलं असेल?

चार दिवसांनी नणंद खोली आवरायला लागली. गादी उचलली, चादर काढली. मग पलंगाच्या लोखंडी कडेपाशी वाकून म्हणाली, "वहिनी, इथे हे काय काळं चिकटलंय? काढून टाकू?"

ती जवळ गेली. तीच पट्टी होती. चोळामोळा करून फेकलेली नव्हती. कडेला सरळ रेषेत, बोट फिरवून बसवलेली, आणि एक टोक दुमडलेलं. तिला शिकवलेली त्याची पहिली शिस्त हीच होती. काढलेली पट्टी फेकायची नाही, टेबलाच्या कडेला लावून ठेवायची, आणि टोक दुमडायचं, म्हणजे परत लावणाऱ्याला नखाने खरवडत बसावं लागत नाही.

एका हाताने, त्या अवस्थेत, त्याने टोक दुमडलं होतं. बायको येईल, बोर्ड नीट करेल, पट्टी परत लावेल, असंच धरून चालला होता तो. रागावला असता, घाबरला असता, तर तिला कदाचित सोसलं असतं.

"वहिनी? काढू ना?"

"राहू दे ताई," ती म्हणाली. "ती मला लागणार आहे."