तोरणमाळच्या घाटातला हॉर्न

बिबट्या बघायचा म्हणून मी आणि बायको सातपुड्यातली जंगलं पालथी घालायला निघालो होतो, आणि शहाद्याहून भाड्यानं घेतलेल्या जीपचा ड्रायव्हर तोरणमाळच्या घाटात एकही वळण हॉर्नशिवाय घेत नव्हता. म्हसावदकडचा, पन्नाशीचा माणूस. हॉर्न दाबण्याआधी शर्टाची बाही अशी मागे सारायचा, की तबल्याला बसलाय वाटावं. आम्हाला मोर दिसला तोही पळताना, पाठमोरा.

"अहो, जरा गप चालवा की!"

"घाट शे भाऊ, हॉर्न त देनाच पडस."

अर्ध्या वाटेत शेंदूर फासलेला एक दगड आला. वाघदेव. त्यानं जीप थांबवली, सीटखालून नारळ काढून फोडला आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. तेवढीच काय ती शांतता. मीही चपला काढून मनापासून हात जोडले, म्हटलं, देवा, एकदा तरी दिसू दे. त्यानं खोबऱ्याचा प्रसाद दिला, आम्ही निघालो, आणि पुढच्याच वळणावर पुन्हा बाही मागे, पुन्हा हॉर्न!

माझं डोकंच फिरलं. "वाघदेवाला नारळ फोडता, आणि हॉर्न मारून बिबट्याला पळवता? मग तो दिसणार कसा?"

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. वेड्या माणसाकडे पाहावं तसं.

"भाऊ, तो दिसाले नको म्हणीसनच त आम्ही नारय फोडतस."

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. माझ्या तोंडात त्याच नारळाचं खोबरं होतं.