शंभर चौकटींची वही

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला कुरुंदवाडहून पाहुणे आले होते. निघताना मुलाच्या वडिलांनी फोन नंबराची चिठ्ठी माझ्या हातात दिली. "शनिवारपतोर कळवा पावणं. फोन न्हाय आला तर आमी नकार समजतो."

अक्काला मुलगा पसंत होता. तिने तसं आईला सांगितलं, आणि कळवायचं काम माझ्याकडे आलं.

चिठ्ठी खिशात राहिली, शर्ट बादलीत भिजला. नंबराचे शेवटचे दोन आकडे पार पुसले गेले.

घरी मी बोललो नाही. मला आकड्यांच्या कोड्यांचा नाद होता. रविवारच्या पुरवणीतलं कोडं मी एकेक शक्यता खोडतच सोडवायचो. इथे शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत शंभरच तर नंबर होते. वहीत आडव्या-उभ्या दहा-दहा चौकटी आखल्या आणि ओळखीच्या एसटीडी बूथवर जाऊन बसलो. कुणी उचलला की मुलाच्या वडिलांचं नाव घ्यायचं, "त्यांचं घर का?" म्हणून विचारायचं. "न्हाय" आलं की पुढचं न ऐकता फोन ठेवायचा, फुली मारायची. लागला नाही तर पुन्हा लावायचा.

"भावा, आख्खं कुरुंदवाड मोजायला काढलंयस काय?" बूथवाला म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी शंभरावी फुली पडली. वही दोनदा तपासली. एकही चौकट सुटली नव्हती. उत्तर त्या शंभरातच असायला हवं होतं, आणि ते नव्हतं. डोकं चालेना. घरी येऊन म्हणालो, "कुणी उचलतच न्हाय."

हे खोटं होतं. आमचे वडील म्हणाले, "त्यांचंच मन नसंल." अक्का आत गेली.

तिचं लग्न पुढे बऱ्याच उशिरा झालं, दुसरीकडे.

काही वर्षांनी नृसिंहवाडीला दर्शनाच्या रांगेत त्या मुलाचे वडील भेटले. न राहवून मी नंबराचं काढलं.

"त्यावेळी आमच्यात कुठला फोन! शेजारच्या दुकानाचा नंबर हुता. त्यो हाक मारायचा आमाला."

म्हणजे त्या दुकानदाराने "न्हाय" म्हटलं, आणि त्याचं पुढचं वाक्य मीच तोडलं. आम्ही स्वतः लोकांना खालच्या शिंप्याचा नंबर द्यायचो. तरीही मला हे कसं सुचलं नाही? त्या शंभर फुल्यांतली ती कुठली, हे आता कसं शोधायचं?

गेल्या भाऊबीजेला वही अक्कापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. तिने चौकटींवरून बोट फिरवलं.

"शंभरच्या शंभर केलंस?"

"व्हय."

"आणि एस्टी किती लागत हुत्या रं कुरुंदवाडला जायला?"

एकच लागायची. ती तेव्हा हसली की काय केलं तिने, मला अजून कळलेलं नाही. ओवाळून झाल्यावर जाताना वही मात्र ती घेऊन गेली.