आतली आणि बाहेरची

हार्ड डिस्कला माणसासारखा ताप येतो, तो हात लावून कळतो आणि वेळीच लक्ष दिलं तर उतरवताही येतो, असं मानणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात पुलगावला आणि लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात. आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत त्यांनी इतकी लग्नं कॅमेऱ्यातून पाहिली आहेत, की बसस्टँडवर एखाद्या अनोळखी माणसाकडे बोट दाखवून ते सांगतात, "हा अल्लीपूरच्या लग्नात जिलबीवरून रुसला होता." आणि तो माणूस खरोखरच रुसका दिसतो.

ही सगळी लग्नं त्यांच्याकडे अकरा हार्ड डिस्कमध्ये आहेत, आणि त्या अकराही बाहेरच्या आहेत. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात न बसवता बाहेरून वायरीने जोडायच्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर त्यांच्या वळणदार अक्षरात तिची प्रकृती लिहिलेली असते. 'देवळी, आर्वी. तब्येत बरी.' 'अल्लीपूर. उन्हात नेऊ नये.' 'ही एकदा पडली आहे, हळू बोलावे.' हळू का बोलावे, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा विचारायची इच्छा राहिली नाही.

डिस्क चालू झाली की ते तिला उलटा हात लावून पाहतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो तसा. वीस मिनिटं काम आणि दहा मिनिटं विसावा, हा त्यांचा नियम. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचंही लग्न सलग पाहता येत नाही. नवरदेव घोड्यावर बसतो न बसतो तोच वीस मिनिटं होतात आणि बिचारा दहा मिनिटं तसाच घोड्यावर थांबतो. तेवढ्यात ताई, म्हणजे माझी मेहुणी, चहा करून घेतात. एकदा त्यांनी घरातला थर्मामीटर डिस्कच्या डबीखाली सरकवून ठेवला होता आणि नेमका त्याच दिवशी धाकट्याला ताप भरला. ताई घरभर थर्मामीटर शोधत होत्या. सापडला तेव्हा त्या दारातूनच कडाडल्या, "पोराले ताप आला तं म्हनता झोपू दे, आन् या डबीले आला तं कूलर लावून राह्यले!" साडू शांतपणे म्हणाले, "पोराले घाम येते. हिले येत नाई."

उन्हाळ्यात आमच्याकडे घराबाहेर पडताना लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात. सगळेच ठेवतात, मीही ठेवतो. पण एका मे महिन्यात साडू भर दुपारच्या बसने वर्ध्याला माझ्याकडे आले, डोक्याला दुपट्टा, मांडीवर पिशवी. पिशवीतून ओल्या टॉवेलात गुंडाळलेली डिस्क निघाली आणि तिच्या शेजारी एक कांदा. मला वाटलं, कांदा त्यांचाच असेल. तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून दुसरा काढून दाखवला. "हा माहा. तो तिचा," ते म्हणाले. वर्ध्यातल्या एका शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. त्या कांद्यापुढे माझ्या सगळ्या शिक्षणाची काय किंमत राहिली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आतली डिस्क बरी की बाहेरची, यावरून आमचा वाद बरीच वर्षं चालू आहे. माझं म्हणणं सरळ आहे. दोघींच्या आतलं यंत्र एकच. आतलीला निदान कॅबिनेटच्या पंख्याची हवा मिळते. बाहेरची प्लास्टिकच्या बंद डबीत कोंडलेली, म्हणून मोठी फाईल उतरवायला घेतली की जास्त तापते. साडूंना हे अजिबात मान्य नाही. "आतली म्हंजे खटल्याच्या घरातली सून," ते सांगतात. "सकाऊनपासून उभी. कोनी का तापेना, झळ तिलेच. बाहेरची म्हंजे जवाई. बोलावलं तं आला, काम केलं, चालला आपल्या घरी. कपाटात आराम. म्हून टिकते." मग ती जास्त का तापते, असं विचारलं की म्हणतात, "कारण जवायाले कोनी पंखा घालत नाई, सर." एकदा ते फोनवर भर बसमध्ये मला हेच समजावून सांगत होते. "आतली लय कुरकुर करते, बाहेरची कशी गुपचूप राह्यते, पन दोघी एकाच वेळी चालवल्या का मंग पंचाईत होते." शेजारच्या बाई उठून दुसऱ्या सीटवर गेल्या. ही गोष्ट ताईंपर्यंत पोचायला बसपेक्षा कमी वेळ लागला.

पण जावयाची ती उपमा नुसती गंमत नव्हती, हे मला ठाऊक होतं. आमचं दोघांचं सासर रोहण्याचं. सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, पक्के शेतकरी आणि मोजकं बोलणारे. थोरल्या जावयाची लग्नाच्या वेळी चांगली कायमची नोकरी होती. दोन वर्षांत ती सोडून त्यांनी कॅमेरा घेतला. मामाजी यावर एक शब्दही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी जावयाचं नाव घेणं सोडलं. मी गेलो की "या सर" असायचं, आणि त्यांच्याबद्दल घरात विचारायचं झालं तर, "शूटिंगवाले आले काय?" बाहेरच्या कोणाबद्दल विचारावं तसं. साडू हसून सोडून द्यायचे. मला मात्र ते ऐकताना दर वेळी वाईट वाटायचं, आणि 'सर' म्हणवून घेताना थोडं जास्तच.

मामाजींना जाऊन आता दोन हिवाळे झाले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं जावई सहकुटुंब रोहण्याला गेलो असताना मामीजी गहू निवडता निवडता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "त्याईचा आवाज कसा होता जी? मले आठवूनच नाई राह्यला." चेहरा आठवत होता, फोटोही भिंतीवर होता. आवाज मात्र कुठेच नव्हता. मोबाईल समोर धरला की मामाजी उठून गोठ्याकडे निघून जायचे. माझ्या बायकोने आमच्या लग्नाची सीडी काढली. तीत मामाजी भरपूर आहेत. पाहुण्यांना बोलावतात, आचाऱ्यावर ओरडतात, पण आवाज एकदाही येत नाही, कारण शूटिंगवाल्यांच्या रीतीप्रमाणे साडूंनी सगळ्या लग्नावर गाणी टाकली होती. मामाजी रागाने तोंड उघडत होते आणि त्यातून एका बाईचं प्रेमगीत बाहेर पडत होतं. आम्हाला हसू येत होतं. मामीजी हसल्या नाहीत. त्या पडद्याच्या आणखी जवळ सरकून बसल्या.

साडूंचा चेहरा उतरला. गाणी त्यांनीच टाकली होती. "मामीजी, कच्चं शूटिंग हाय माह्यापाशी," ते म्हणाले. "गाने टाकाच्या आधीचं. त्यात आवाज असन. मी आनतो." मूळ कॅसेटवर नंतर दुसऱ्यांची लग्नं शूट झाली होती, तेव्हा ते कच्चं शूटिंग आता एकाच ठिकाणी उरलं होतं. 'सरांचं लग्न' अशी पट्टी असलेल्या एका डिस्कमध्ये.

चार दिवस झाले, आठ झाले, त्यांचा फोन आला नाही. मामीजी मात्र रोज माझ्या बायकोला फोनवर विचारत होत्या, "आनला काय आवाज?" नवव्या दिवशी साडू स्वतःच वर्ध्याला माझ्याकडे आले. हातात पिशवी होती, पण तिच्यात कांदा नव्हता. मी काय समजायचं ते समजलो. डिस्क चालत नव्हती. वायर लावली की दिवा दोनदा लुकलुकायचा आणि विझायचा, आत काहीच फिरत नव्हतं. "घरच्या मान्साचं लग्न हाय म्हून ही सगळ्यात लाडकी होती, सर," ते म्हणाले. "म्हून तिले दोन उन्हाळे कूलरच्या तोंडापुढंच ठेवली." आमच्याकडचा कूलर म्हणजे वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारा वारा. माणसाला तो सुखाचा, पण दोन उन्हाळे त्या दमटपणात यंत्र ठेवलं तर काय होणार, हे त्यांना आता कळलं होतं. "तापानं नाई गेली ते. मीच मारली," ते म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसून राहिले. इतकी वर्षं वाद घालून मला जिंकायची संधी आली होती, आणि मला ती नको होती.

मी डबी कानाशी धरून हलकेच हलवली. मग म्हटलं, "भाऊजी, कदाचित हिला काहीच झालेलं नसेल. वायर लावायच्या तोंडाशी डबीत एक छोटी पट्टी असते, ओल बहुतेक तिला लागली. डबी फोडू, आतलं यंत्र काढू आणि माझ्या कॉम्प्युटरच्या आत जोडून पाहू."

त्यांनी डबीवरची चिकटपट्टी बोटाने सारखी केली. "म्हंजे बाहेरचीले आतली कराची?"

"हो."

"उघडा," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

डबी उघडली तर खरंच, त्या छोट्या पट्टीच्या कोपऱ्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज चढला होता. आतली डिस्क मात्र लखलखीत होती. ती कॉम्प्युटरच्या पोटात जोडली, बटण दाबलं, आणि तो बारीक घुं घुं आवाज सुरू झाला. साडूंनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर आमच्या लग्नाच्या फाईली एकामागून एक उमटल्या. मी पहिलीवर बोट नेलं तर त्यांनी माझा हात धरला. "मामीजीच्या आधी आपून ऐकाचं नाई. पहिले दुसरी प्रत काढा." ती प्रत काढायला अख्खी दुपार गेली, कारण दर वीस मिनिटांनी विसावा होताच.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीत कॉम्प्युटर घालून आम्ही रोहण्याला गेलो. प्रत होती तरी साडूंना डिस्कच लावायची होती. हात लावता यावा म्हणून त्यांनी कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. टेबलफॅन मी लावला. कूलरचं नाव कोणीच काढलं नाही. पहिल्या दोन फाईलींत नुसता बँड होता. तिसरी लावली तर कॅमेरा अंगणात पंगतीकडे तोंड करून तसाच चालू राहिलेला. साडू तेव्हा दुसरा कॅमेरा घेऊन मांडवात गेले होते. रिकाम्या पत्रावळी, पाण्याचे पेले, मधूनच एक कुत्रं. आणि मग बाजूने, कोणी दिसत नसताना, आवाज आला. "अबे, मीठ कोन वाढते तिकडं? काय झोपले काय सारे?"

गहू पाखडायला घेतलेलं सूप मामीजींच्या हातात तसंच राहिलं. "हेच," त्या म्हणाल्या. "असेच वरडत."

मग वाढणारा एक पोरगा पडद्यावर आला आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे पाहत त्याने विचारलं, "मामा, शूटिंगवाल्याचं पान बाहेर मांडू काय? बँडवाल्याईसंग?"

"बाहेर काऊन?" मामाजींचा आवाज चढला. "थोरला जवाई हाय तो माहा. घरचा मानूस. आत मांड, माह्या बाजूले. आन् जाय, बोलाव त्याले, सकाऊनपासून उपाशी फिरून राह्यला." पोरगा निघाला तेव्हा मामाजींनी त्याला पुन्हा थांबवलं. "आन् मी म्हनलं असं सांगजो नको."

पोराने खरंच सांगितलं नव्हतं. साडू त्या दिवशी आत येऊन मामाजींच्या शेजारी जेवले होते आणि दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते, हे मला नवरदेवाच्या पाटावरूनही दिसलं होतं. जागा रिकामी होती म्हणून बसवलं, असं ते आजवर समजत आले होते. वर गाणी टाकायचीच असल्याने जोडकाम ते आवाज बंद ठेवूनच करायचे. इतकी वर्षं ते वाक्य त्यांच्याच कपाटात, त्यांच्याच चिकटपट्टीखाली पडून होतं, आणि ते तिला ताप येऊ नये म्हणून जपत होते. मामाजी असताना ही फाईल एकदा जरी कोणी उघडली असती, तर शेवटची काही वर्षं त्या घरात दोन माणसं जरा वेगळी बोलली असती, असं मला राहून राहून वाटतं.

"पुन्हा लावा जी, जवाईबापू," मामीजी म्हणाल्या. साडूंनी पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मीठ कोन वाढते, बाहेर काऊन, सांगजो नको. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांनी सवयीने उजवा हात उलटा केला. मला वाटलं, आता डिस्कला लावतील. तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना लावला आणि म्हणाले, "लावतो, मामीजी. तापू द्या आज तिले."