जांभळ्या सावलीच्या गाई

गाय नीट दिसायला तिच्यापासून साठ फूट लांब उभं राहावं लागतं, असं मानणारा माणूस अख्ख्या लालबागेत एकच होता आणि तो नेमका आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता. गिरणीच्या डिझाइन खात्यात दिवसभर साड्यांच्या काठांवर कोयऱ्या आखायच्या, पण घरी आल्यावर सरळ रेघेचं नाव काढायचं नाही, हा त्यांचा बाणा. फुटपाथवर मिळालेल्या फ्रेंच चित्रांच्या एका जुन्या पुस्तकानं त्यांचं डोकं फिरवलं होतं. रविवारी परळच्या गोठ्यासमोर तासन्‌तास उभे राहून ते म्हशींच्या सावल्या बघत. गवळ्याला वाटे, म्युनिसिपालिटीचा साहेब आला. तो घाईघाईनं गोठा धुवायला घ्यायचा. "सावली काळी नसते रे, जांभळी असते," ते मला समजावत. आतून वहिनी विचारायच्या, "आणि दूध हिरवं असतं का हो?"

वर्षभर खपून त्यांनी गावच्या माळावर चरणाऱ्या गाई रंगवल्या. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे फटकारे. बघायला येईल त्याला खांद्याला धरून ते "मागे हो, अजून मागे" करत रेटायचे. पण दहा बाय बाराच्या खोलीत माणूस मागे होणार किती? एक पाहुणे थेट मोरीत जाऊन उभे राहिले, तरी गाय दिसेना. वहिनींना दिसली नाही, मलाही नाही. शेवटी ते म्हणाले, "आता चाळीच्या प्रदर्शनात एकालासुद्धा गाय दिसली नाही, तर ब्रश कायमचा ठेवून देईन."

संयुक्त महाराष्ट्र मिळाला होता, त्या आनंदात चाळीनं प्रदर्शन ठरवलं होतं. मी सेक्रेटरी. आता सांगूनच टाकतो: ते चित्र मी कमिटीला दाखवलंच नाही. समोरच्या चाळीतले हसतील या भीतीनं दोन दिवस कपाटामागे ठेवलं आणि परत नेऊन दिलं.

"कमिटी नको म्हणते."

"सगळी?"

"बहुमत."

त्यांनी चित्र उलटं करून भिंतीला टेकवलं. पण प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी ते चित्र तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या कठड्याला बाहेरून बांधलं. समोरच्या चाळीत एक मालवणी आजी पापड वाळत घालत होत्या. त्या एकदम ओरडल्या, "गे बाय माझे! गोरवां चरतत! आणि ती तांबडी गाभण आसा, चलता कशी बगा!"

समोरचे तिन्ही मजले कठड्याला लागले. ज्याला त्याला आपल्या गावची गाय दिसू लागली. मोर्च्यांत घसे बसलेल्या गिरणीवाल्यांना आता मागायला काही उरलं नव्हतं, त्यांनी आरोळी ठोकली, "तांबडीला वासरू झालंच पाहिजे!"

आमचे हे शेजारी मला हाताला धरून समोरच्या चाळीत घेऊन गेले. तिथून मलाही दिसलं: तिरपं ऊन, गवतात घातलेली तोंडं, जड पावलांची तांबडी. "गाभण आहे हे मी हिलासुद्धा सांगितलं नव्हतं रे!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कमिटीत तू एकटा माझ्या बाजूनं बोलला असशील. मला ठाऊक आहे."

मी होकारार्थी मान डोलावली.

पुढे अखेरपर्यंत त्यांनी प्रत्येक नवं चित्र सगळ्यांत आधी मलाच दाखवलं. दर वेळी मी आज सांगायचंच असं ठरवून जायचो, आणि "छान झालंय" म्हणून परत यायचो.