आपलेच पावणे

पठारावर विमानतळ झाला तेव्हा आमच्या पेडण्यात म्हणत होते, आता सगळ्यांना पंख फुटणार. पंख फुटले ते ज्यांना आधीच होते त्यांना. आमच्या वाट्याला फाटकं आणि गणवेश आले. त्यातला एक गणवेश शेजारच्या क्षमाला मिळाला. खासगी विमानांच्या दारात सामान तपासायचं काम.

या खासगी विमानवाल्यांची एक ठाम समजूत असते. बॉम्ब फक्त स्वस्त तिकिटावर प्रवास करतो. क्षमाच्या टेबलावर चिकटवलेला नियम मात्र सांगतो, विमान अख्खं भाड्याने घेतलेलं असलं तरी माणूस चौकटीतून जाईल आणि बॅग यंत्रातून.

क्षमा मूळची डिचोलीची. विशीत ती एका खाणीच्या वजनकाट्यावर होती. मुकादम म्हणायचा, "आपलोच ट्रक गो, सोड." ती सोडायची. असाच एक न जोखलेला, शिगोशीग भरलेला ट्रक आमोण्याच्या उतारावर आवरला नाही आणि रस्त्याने चाललेल्या तिच्या बापाचा, विठ्ठलचा, पाय गेला. ट्रकाची पावती तिच्याच हातची होती. हे तिने मला एकदाच सांगितलं. विठ्ठल आज तिच्याच पगारावर जगतो.

गेल्या महिन्यात कुठल्याशा शेटच्या लग्नाचं वऱ्हाड परत निघालं. तेवीस बॅगा, दोन कुत्री आणि कुत्र्यांना सांभाळणारा एक माणूस. त्यातल्या एका बाईंना आपली बॅग यंत्रात घालणं म्हणजे कुळाचा अपमान वाटला. क्षमाचा साहेब संदीप, एरवी ड्रायव्हर-हमालांवर डोळे वटारणारा, बाईंपुढे कमरेत वाकला.

"आपलेच पावणे, सोड गो," तो क्षमाला म्हणाला.

हे शब्द तिने पूर्वी ऐकले होते. तिने सोडलं नाही. बॅग यंत्रातून गेली, उघडली, आणि आत निघाले हॉटेलचे चार टॉवेल. विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं.

संदीपने तिला कर्मचाऱ्यांच्या फाटकावर टाकलं, यंत्राच्या पट्ट्यावर झाडणाऱ्या बायकांचे पेजेचे डबे तपासायला. महिनाअखेर तिचा करार संपतोय आणि पुढच्या करारावर सही त्याचीच लागते, हेही ऐकवलं. मी तिला म्हटलं, जा, दोन शब्द गोड बोल. ती गेली नाही. मला तिचा राग आला आणि माझ्याच सल्ल्याची लाज वाटली.

करार संपायच्या आदल्या दिवशी संदीप फोन कानाला लावून त्याच फाटकातून सरळ आत निघाला. क्षमाने हात आडवा केला. मागे डबे घेतलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. त्याने खांद्यावरच्या बॅगेवर थोपटलं.

"ह्येच्यात तुझोच करार आसा. सही करूची आसा."

"असांदे," क्षमा म्हणाली. "बॅग पट्ट्यार ठेवा."