आत्याचा दुसरा शेक

बसडेपोच्या स्टोअरमध्ये माझी आत्या तेवीस वर्षं जाळीच्या खिडकीमागे बसली. मेकॅनिक तिला ‘जाळीवाली’ म्हणायचे. कुणी नुसतं “ते हे द्या हो, ते गोल” म्हटलं, तरी ती बरोबर कप्प्यातून बरोबर वॉशर काढून द्यायची. यादीचं नाव काढलं की भडकायची. “यादी कशाला? मी काय मेलेय?”

स्तनाचा कॅन्सर डोक्यात पसरला तेव्हा, गेल्या वर्षी, तिच्या डोक्याला रेडिएशनचे शेक दिले. केस परत आले, आम्ही हुश्श केलं. आता डोक्यात पुन्हा गाठी दिसल्या.

डॉक्टरीणबाई सरळच म्हणाल्या, “परत शेक देता येईल, बेताने. डोकेदुखी, तोल जाणं कदाचित कमी होईल. पण स्मरणशक्तीला धक्का बसू शकतो.”

“किती?” आत्याने विचारलं.

“ते आधी नाही सांगता येत.”

मरणाला आत्या घाबरत होतीच. पण डोक्यातले कप्पे एकेक रिकामे होतील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही, या विचाराने ती पार हादरली.

शेवटी एका अटीवर तयार झाली. “मी विसरायला लागले की तू मला तोंडावर सांगायचंस. बाकीचे गोड बोलून वेळ मारून नेतील. तू फटकळ आहेस, म्हणून तुला सांगतेय.”

मी छातीठोकपणे हो म्हटलं.

शेक देताना हलू नये म्हणून तोंडावर घट्ट मुखवटा चढवून तिचं डोकं टेबलाला जखडायचे. दार बंद झालं की मी बाहेर बाकावर तिच्या चपला सांभाळत बसायचे. सहाव्या शेकानंतर बाकावर बसून चपला घालताना तिने किस्सा सांगितला. डेपोतल्या नव्या साहेबाने रुबाबात स्वतः स्टोअरचे कप्पे लावले आणि दुसऱ्या दिवशी कुणाला साधा नट सापडेना. आम्ही पोट धरून हसलो.

सातव्या शेकानंतर, त्याच बाकावर, ती म्हणाली, “तुला त्या नव्या साहेबाची गंमत सांगितली का गं?”

मी खाली वाकून तिच्या चपला पुढे सरकवल्या.

“नाही गं. सांग ना.”

तिने सगळं सांगितलं. मी हसलेसुद्धा. मग ती माझ्याकडे बघतच राहिली.

“काल सांगितली होती मी. मुद्दाम विचारलं.”

मला रडू फुटलं. ती रागावली नाही. तिने माझा हात घट्ट धरला.

“आता मी खरंच विसरले, तर मला कळणार कसं गं?”