माझ्या भिंतीला त्यांची गंजी

बांधाला काडी लावून तो माणूस घरी जेवायला गेला. हे मला अजून गिळता येत नाही. गवत पेटवलं, वारा कुठून कुठं चाललाय हे बघितलं नाही, आणि भाकरी खायला गेला. जेवून तो हात धूत असेल तेव्हा इकडं माझं घर जळत होतं.

आमची वस्ती गावापासून लांब, माळाच्या कडेला आहे. चारच घरं. श्रावणात माळ हिरवा असतो, पण संक्रांत झाली की गुडघ्याच्या वर वाळलेलं पिवळं गवत उभं राहतं, थेट आमच्या दारापर्यंत. आमचे लोक पहिल्यापासून मेंढ्या राखणारे. आता थोडी शेती आहे, मजुरी आहे. माझा नवरा मात्र अजून दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन खाली नदीकाठी उतरतो आणि मिरगाच्या तोंडाला परत येतो. मधले महिने घरात मी आणि माझी लेक. शेजारच्या घरात थोरले दीर आणि जाऊ.

माळ दरवर्षी पेटतो. आमचेच लोक पेटवतात, जुनं जळालं की नवं गवत लवकर फुटतं म्हणून. खालचे शेतकरी बांध साफ करायला पेटवतात. मग सगळे म्हणतात, वणवा लागला. लागला म्हणे. जसा काही तो आपला आपण चालत आला.

माहेरी माझी आई होळीच्या आधी घराभोवतीचं गवत विळ्यानं कापून काढायची आणि बापाला नांगर फिरवायला लावायची. उघडी माती आली की आग तिथं थांबते, कारण तिला पुढं जायला गवत मिळत नाही. हे कळायला चौथीपेक्षा जास्त शाळा लागत नाही. सासरी आल्यावर मीही दरवर्षी तसा पट्टा काढत होते. हातात बैल नाहीत, म्हणून कुदळीनं काढायची. येणारे-जाणारे हसायचे. "काय गं, माळाला भांग पाडून राह्यली का?" मी खाली मान घालून खणत राहायची.

पण नुसत्या पट्ट्यानं भागत नाही. आग थांबते, तिची ठिणगी थांबत नाही. आणि माझ्या घराच्या मावळतीच्या भिंतीला टेकून थोरल्या दिरांची कडब्याची गंजी असायची. शाळूचा वाळलेला कडबा, भिंतीपेक्षा उंच. माझ्याच भिंतीला का? तर रस्ता तिकडून आहे. आमच्याकडं सोयरे घर बघायला आले की आधी गंजी बघतात. गंजी दाराशी हवी, रस्त्यावरून दिसायला हवी, तरच घर भरलेलं. शेतात एकटी उभी असलेली गंजी म्हणजे कुणाची काय, काही कळत नाही. दिरांना मुलाची सोयरीक करायची होती. त्यांच्या स्वतःच्या भिंतीला लावली असती तर रस्त्यावरून दिसली नसती. म्हणून माझी भिंत.

ज्या वर्षी घर जळालं त्या फाल्गुनात ते गंजी रचत होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. भांडण होतं म्हणून नाही. आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. ते समोर आले की पदर पुढं ओढायचा आणि वाटेतून बाजूला व्हायचं. सांगायचंच असलं तर दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. पंधरा वर्षं मी लेकीशी, शेळीशी, नाहीतर चुलीशी बोलून त्यांना निरोप दिले होते. त्यांना हाक कशी मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती.

तर मी शेळीला म्हणाले, "माळ लई वाळलाय गं बाई. गंजी जरा लांब असती तर बरं झालं असतं."

दीर गंजीवर उभे होते. खाली पेंढ्या देणाऱ्या जावेला म्हणाले, "तिला म्हणावं, तुझ्या डोक्यावर रचून राह्यलो का?"

जाऊ हसली. "भित झिजती व्हय गं तुझी?"

"भित न्हाई झिजत, आक्का. माळ पेटला तर?"

"आमच्या बापाची गंजी बी हितंच असायची," दीर वरून जावेलाच म्हणाले. "कधी न्हाई जळाली. तिला म्हणावं, शेळीला चारा टाक, शहाणपण टाकू नको."

मी नवऱ्याला फोन केला. म्हणाले, तुमच्या भावाला सांगा. तो म्हणाला, "आता फोनवर काय सांगू? मी आल्यावर बघतो."

"तुम्ही मिरगाला येता. माळ चैतात पेटतो."

"मंग मेंढ्या सोडून येऊ का? तू बोलू नको काही. उगं भावाभावात लावशील."

मी बोलले नाही. बोलत नाही याचंच सगळे कौतुक करायचे.

चैत्रातली दुपार होती. मी घरामागं भांडी घासत होते. आधी वास आला, मग उतारावरून धूर दिसला, आणि धुराच्या खाली एक लाल रेघ. वारा आमच्याकडं होता. दीर लिंबाखाली बाजेवर बसून दावं वळत होते. माझ्यापासून दहा पावलं असतील. त्यांची पाठ माळाकडं होती. त्यांच्याजवळच पाण्यानं भरलेला बॅरल होता आणि गोणपाटं पडली होती. तेव्हाच उठले असते तर गोणपाटं भिजवून गंजीवर टाकता आली असती.

मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

मी त्यांना हाक मारली नाही. मी पळाले. त्यांच्याकडं नाही, हापशावर, जिथं जाऊ पाणी भरत होती. हापसा ओढ्याच्या पलीकडं आहे. जातानासुद्धा बाजेसमोरून जायचं होतं म्हणून मी पदर डोक्यावर घेतला. माळ पेटलेला आणि मी पदर सावरतेय. जावेला सांगितलं. तिनं घागर तिथंच टाकली आणि पळत येत ओरडली, "अहो, उठा! माळ पेटलाय!"

तोवर आग माझ्या पट्ट्यापर्यंत आली होती. आणि पट्ट्यावर ती थांबली. मी डोळ्यांनी बघितलं. उघड्या मातीपाशी आली, विझली आणि दोन्ही बाजूंनी सरकत गेली. मला क्षणभर वाटलं, वाचलो. मग जळत्या गवताचा एक झुबका वाऱ्यावर उडाला आणि पट्टा ओलांडून गंजीत पडला.

कडबा जळतो तेव्हा त्याच्याजवळ उभं राहता येत नाही. गंजी पेटली, छपराची लाकडं पेटली, पत्रे खाली आले. गावातून माणसं आली, त्यांनी लिंबाच्या डहाळ्यांनी आणि ओल्या गोणपाटांनी बाकीची तीन घरं वाचवली. दिरांचं घरही वाचलं. माझी धान्याची कणगी गेली, लुगड्यांची पेटी गेली, लेकीचं दप्तर गेलं, सासूनं स्वतः कातलेल्या लोकरीचं घोंगडं गेलं. लेक शाळेत होती आणि शेळ्या बाहेर बांधलेल्या होत्या, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पंचनामा करायला माणूस आला. त्यानं लिहिलं, वणव्याचं कारण अज्ञात. अज्ञात कसलं? बांधाला काडी लावणारा खालचा शेतकरी तिथंच गर्दीत उभा होता. सगळ्यांना ठाऊक होतं. पंचनामा करणाऱ्यानं मला विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?" बाजूला दीर उभे होते. मी मान हलवून नाही म्हणाले. धगीनं माझ्या भुवया जळालेल्या होत्या आणि पदर नाकापर्यंत ओढलेला. दीर म्हणाले, "नशिबात होतं साहेब." त्यांच्या नशिबात नव्हतं. माझ्या होतं. भिंत माझी होती.

पुढचे दोन महिने मी आणि लेक दिरांच्या पडवीत राहिलो. जाऊ भाकरी द्यायची आणि दर भाकरीबरोबर म्हणायची, "जाऊ दे, जीव वाचला." नवरा आला. आम्ही त्याच जागी दोन खोल्या पुन्हा उभ्या केल्या. मी विटा वाहिल्या, चिखल तुडवला. नवऱ्याला म्हणाले, भावाला सांगितलं का गंजीचं? "सांगतो की." दिवाळी झाली, मेंढ्या घेऊन गेला, सांगायचं राहून गेलं.

यंदा फाल्गुनात मी भाकऱ्या करत होते. ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. बाहेर आले तर कडब्यानं भरलेली ट्रॉली माझ्या नव्या भिंतीला लागलेली. दिरांनी पाच-सहा पेंढ्या भिंतीशी टेकवल्यासुद्धा होत्या. तीच बाजू, तीच जागा. वर्ष झालं नव्हतं.

"भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

"गंजी हितं लावायची न्हाई."

ते जावेकडं वळले. "ही काय म्हणून राह्यली?"

"त्यांना कशाला इचारता? मला इचारा. मी हितंच उभी हाय."

जाऊ हातात पेंढी धरून तशीच उभी राहिली. दीर तिलाच म्हणाले, "लाज सोडली का हिनं?"

"लाजंपायीच घर जळालं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "तुम्ही पाठ करून दावं वळत बसल्ते. मला धूर दिसला होता. दहा पावलावरून तुम्हाला हाक मारायची तर मी हापशावर पळाले, आक्काला सांगायला. आक्का येऊन तुम्हाला सांगंल म्हणून!"

हे त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं आणि पहिल्यांदा मला काही विचारलं.

"तू आधी बघितला होता?"

"सगळ्यांच्या आधी."

"मंग वरडायचं न्हाई का? येडी हाय का तू? माणूस असं गप बसतं का कुठं?"

पंधरा वर्षं ज्यांनी मला गप बसवलं तेच विचारत होते, गप का बसलीस. हातातलं पीठ मी त्यांच्या अंगावर फेकलं नाही, एवढंच.

ट्रॅक्टरवाला वैतागला. "कुठं टाकू ते सांगा जल्दी. मला दुसरी खेप हाय."

मी हात केला, रानाच्या मधोमध, जिथं नांगरट झालेली आहे आणि आसपास गवताची काडी नाही. "तिथं."

ट्रॅक्टरवाल्यानं दिरांकडं बघितलं. दीर रस्त्याकडं बघत होते. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, मग गिअर टाकला आणि ट्रॉली तिकडं नेली. दीर घरात निघून गेले. तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. नवऱ्याचा फोन आला तो ओरडतच. मी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गंजी आता रानात आहे, तुम्ही आल्यावर बघा.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. भिंतीशी टेकवलेल्या पेंढ्या तशाच होत्या. मी त्या एकेक ओढून रानात न्यायला लागले. दुसऱ्या फेरीला जाऊ मागून आली, एक पेंढी डोक्यावर घेऊन. मला बरं वाटलं. थोडं चालल्यावर ती हळूच म्हणाली, "एवढं तोंडावर बोलायचं नसतं गं. मला सांगायचंस. मी सांगितलं असतं त्यांना."

मी पेंढी खाली टाकली आणि तिच्याकडं बघत राहिले. तिला खरंच कळलं नव्हतं. मग मी पेंढी उचलली. भिंतीशी अजून तीन होत्या.